मागाहून काढलेली चौकट

"हा पहिला शॉट आधीच ठरलेला होता का?" सरांनी विचारलं आणि मी म्हणाले, "हो सर, पहिल्याच चौकटीत आहे."

खोलीतले दिवे नुकतेच लागले होते. प्रोजेक्टरचा पंखा अजून घरघरत होता. सरांच्या मांडीवर आमची स्टोरीबोर्डची, म्हणजे चित्रीकरणाआधी एकेक शॉट चौकटीत काढून ठेवायची, वही उघडी होती आणि पहिल्या पानावर, पडद्यावर आत्ताच दिसलं ते सगळं होतं: काळोख, जमिनीलगत उजेडाची बारीक पट्टी, त्या पट्टीत दोन पावलांच्या सावल्या आणि दाराखालून आत येणाऱ्या पाण्यासाठी एक बाण. सरांनी मान डोलावली, "छान विचार केलाय" म्हणाले आणि पान उलटलं. तो शॉट जिने घेतला होता ती मैत्रीण माझ्या शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही. तिचं सगळं लक्ष बुटांच्या नाड्यांवर होतं.

ती चौकट मी आदल्या रात्री काढली होती.

असं सगळेच करतात, हे मला माहीत आहे. प्रयोगवहीत आधी उत्तर ठरवायचं आणि मग त्याला शोभतील अशी निरीक्षणं भरायची, त्यातलाच हा प्रकार. त्या दिवशी जमा झालेल्या बहुतेक वह्या संशयास्पद स्वच्छ होत्या. चौकटी आणि फिल्म अशा जुळत होत्या, की कुणाच्याही चित्रीकरणात कधी ढग आला नाही, कुणाची बॅटरी संपली नाही असं वाटावं. त्यामुळे फसवणूक वगैरे मोठे शब्द मी वापरणार नाही. तरी ते "हो सर" अजून मधूनच कुसळासारखं टोचतं. का टोचतं ते शोधायचं, तर थोडं मागे जावं लागेल.

आम्हाला दोन मिनिटांची सुरुवात करायची होती. अख्खी फिल्म नव्हे, फक्त सुरुवात. हे काम वाटतं त्यापेक्षा चमत्कारिक असतं. ज्या गोष्टीचा शेवट कधीच होणार नाही, तिच्याबद्दल उत्सुकता निर्माण करायची. जेवणाचा पत्ता नाही आणि वास मात्र सुटला पाहिजे. आमची गोष्ट साधी होती. एक मुलगी बऱ्याच वर्षांनी एका बंद घरात परत येते. संवाद नाहीत. बोर्ड काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण दिग्दर्शन माझ्याकडे होतं आणि नाही म्हणायचं कसं ते मला कळेना. पुठ्ठ्यात 8 सेंटिमीटर बाय 4.5 सेंटिमीटरची खिडकी कापली, म्हणजे प्रत्येक चौकट सोळाला नऊ याच प्रमाणात येईल. ती वहीवर ठेवून पेन्सिल फिरवायची, की रिकामी फ्रेम तयार. अशा 22 चौकटी, एका पानावर दोन. माणूस हलला तर लाल बाण, कॅमेरा हलला तर निळा.

मला चित्र येत नाही. विशेषतः हात येत नाहीत. त्यामुळे माझ्या बोर्डात आमची नायिका सगळीकडे हात मागे बांधून किंवा खिशात घालून फिरते, जणू घर विकत घ्यायला आली आहे. तेव्हा हे गमतीचं वाटलं. नंतर लक्षात आलं, की कुलपात किल्ली फिरवतानाचा क्लोजअप बोर्डात नव्हता तो केवळ यामुळे. मला हात काढता येत नाही, म्हणून आमच्या गोष्टीत किल्ली दिसणार नव्हती! काळोखाचंही तसंच. पांढऱ्या कागदावर पेन्सिलने काढायचं म्हटलं की जग आधीच उजळलेलं असतं. उजेड फुकट मिळतो, काळोख मात्र मेहनत करून आणावा लागतो. पेन्सिल आडवी धरून घासत बसावं लागतं. 22 चौकटी संपवायच्या घाईत ते कोण करणार? आवाज तर कागदावर येतच नाही. "चौकटींत विचार करा" असं आम्हाला शिकवलं होतं, पण चौकटीत जे मावत नाही ते सुचतही नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं.

रेकीला, म्हणजे चित्रीकरणाची जागा आधी बघून ठेवायला, आम्ही संध्याकाळी पाचच्या सुमारास गेलो होतो. घर रिकामं होतं, एका ओळखीच्यांच्या ओळखीचं. उन्हं कलली होती आणि समोरच्या दारावर अशी सोनेरी तिरीप पडली होती, की रंगाचे पोपडे सुद्धा देखणे दिसत होते. कडीची सावली लांब होऊन पार उंबऱ्यापर्यंत आली होती. मी पाच-सहा फोटो काढले, घरी आले आणि पहिली चौकट काढली: घराचं दार, मुलीची पाठ, दारावर कोवळं ऊन. कोपऱ्यात उजेडाची दिशा कळावी म्हणून एक छोटा सूर्य, लहान मुलं काढतात तसा, किरणांसकट. खाली लिहिलं, "सकाळ. 7 वाजता."

ज्यांच्या एव्हाना लक्षात आलं असेल त्यांनी हसून घ्यावं. संध्याकाळच्या उन्हात न्हालेलं दार पश्चिमेला तोंड करून असतं. सकाळी सात वाजता त्या दारावर ऊन येणार नव्हतं, त्या दिवशीही नाही आणि जगाच्या अंतापर्यंतही नाही. सूर्य आकाशात तासाला 15 अंश सरकतो. स्वतःच्या बिंबाएवढं अंतर कापायला त्याला साधारण 2 मिनिटं लागतात, म्हणजे आमच्या फिल्मच्या लांबीइतका वेळ. हे सगळं मला पाठ होतं, "त्यामुळे उन्हातले शॉट भराभर घ्यावे लागतात" असं मी सगळ्यांना बजावलंही होतं. फक्त तो उगवतो कुठल्या बाजूला, एवढंच पाहायचं राहून गेलं होतं.

चित्रीकरणाच्या दिवशी सहाला फाटकाशी पोहोचलो. आभाळ भरलेलं. कॅमेरावाल्या मैत्रिणीने फोनमधलं होकायंत्र उघडलं, दाराकडे बघितलं, परत फोनकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "दार पश्चिमेला आहे ना गं?" मी म्हणाले, "थांबू ना जरा, बघू." ट्रायपॉडचे पाय उघडेपर्यंत पहिले थेंब पडले आणि पाच मिनिटांत धो-धो. सगळे पागोळ्यांखाली धावले. कुणी आभाळाला शिव्या दिल्या, कुणी हवामानाच्या ॲपला. "काय हे नशीब" असं मीही म्हणाले, चांगल्या दुःखी आवाजात. आणि आतून मला इतकं हायसं वाटलं, की त्याची लाज अजून वाटते. माझी चूक पावसाने अलगद आपल्या डोक्यावर घेतली होती.

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. पुन्हा तो विषय काढला नाही.

पुढचं जे झालं त्यात माझा वाटा शून्य आहे. खरं तर शून्याच्याही खाली, ते सांगतेच. कॅमेरा भिजू नये म्हणून ती मागच्या दाराने आत गेली. बाकीचं सामान आत घ्यायला पुढचं दार उघडायचं होतं. आमची नायिका किल्ली घेऊन दाराशी उभी राहिली, पण कुलूप गंजलेलं. किल्ली आत जाईना, गेली तर फिरेना. आतल्या बोळात मिट्ट काळोख होता. दाराखालच्या फटीतून तेवढी उजेडाची एक रेघ, त्या रेघेत चुळबुळणाऱ्या दोन सावल्या आणि उतारावरून आत झिरपणारा पाण्याचा ओघळ. मैत्रिणीने जॅकेटची घडी करून फरशीवर ठेवली, तिच्यावर कॅमेरा ठेवला, काळोखातही दिसावं म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, 3200 वर नेला, फोकस हाताने ओघळाच्या टोकाशी लावला आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. कुणी सांगितलं नव्हतं. बाहेर कुणाला माहीतही नव्हतं.

41 सेकंद. किल्ली खरवडते, थांबते. पावलं मागे सरतात, पुन्हा पुढे येतात. पाणी फरशीच्या सांध्यापाशी अडतं, विचार केल्यासारखं थबकतं आणि मग एकदम लेन्सच्या दिशेने घरंगळतं. मध्येच बाहेरून एक आवाज येतो, "अगं जोर लाव, जोर!" शेवटी खट्. दार उघडतं आणि काळोखासाठी लावलेल्या एक्स्पोजरमुळे पडदा पांढराफटक होतो. त्या पांढऱ्यावर आम्ही पुढे नाव टाकलं.

"जोर लाव" म्हणणारा आवाज माझा होता. त्या शॉटमध्ये माझं योगदान एवढंच आणि तेही नंतर पुसून काढावं लागलं.

कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या छोट्या स्क्रीनभोवती सहा डोकी गोळा झाली. पहिल्यांदा बघताना कुणी काही बोललं नाही. दुसऱ्यांदा बघताना ध्वनीवाला म्हणाला, "पण आत कोण आहे?" मी म्हटलं, "कोण म्हणजे? कुणी नाही." तो म्हणाला, "मग जमिनीवर पडून दाराकडे बघतंय कोण?"

इथे मला आमची गोष्ट पहिल्यांदा कळली, असं म्हटलं तरी चालेल. माझ्या 22 च्या 22 चौकटींत कॅमेरा मुलीबरोबर होता. तिच्या मागे, तिच्या खांद्यावरून, तिच्या पावलांपाशी. या शॉटमध्ये तो घराच्या बाजूला जाऊन बसला होता. मुलगी परत येत नव्हती, कुणीतरी येत होतं. आणि आत कुणीतरी ते ऐकत होतं. गंमत म्हणजे आमच्या पटकथेत घरात कुणाचा तरी वावर आहे हा धागा होताच. शेवटच्या चौकटीत ती एका खुर्चीपाशी येते. सगळ्या घरावर धूळ आहे, खुर्चीवर नाही. दोन आठवडे आम्ही त्या खुर्चीवरून भांडलो होतो. त्यामुळे त्या स्क्रीनवर नुसतं सुंदर काहीतरी दिसलं नाही, जागा रिकामी होती तिथे बसणारं काहीतरी दिसलं. खुर्ची ठरलेली नसती, तर आम्ही "भारी आहे गं" म्हणून तो तुकडा पुढे सरकवला असता.

घर दुपारी दोनपर्यंतच मिळालं होतं. जिन्याच्या पायऱ्यांवर बसून वही उघडली. शेवटच्या पानाच्या पाठीवर तिघांनी मिळून तीन ओळी लिहिल्या. प्रेक्षकाला दोन मिनिटांत काय कळलंच पाहिजे: हिच्याकडे किल्ली आहे, ही बऱ्याच वर्षांत आलेली नाही, मधल्या काळात इथे कुणीतरी बसलंय. मग एकेक चौकट घेऊन विचारत गेलो, की ही या तीन गोष्टींपैकी काय सांगते? पहिल्या सात धडाधड गेल्या. बाराव्या चौकटीशी मी अडून बसले. चाकांच्या खुर्चीवर कॅमेरा ठेवून बोळातून मुलीच्या मागे मागे जायचं, एका दमात, वळणासकट. तिच्यासाठी मी निळे बाण दोनदा गिरवले होते. कॅमेरावाली म्हणाली, "यातलं काय सांगते ही?" मी म्हणाले, "काही नाही." ओल्या फरशीवर चाकं तशीही सरळ गेली नसती. तो शॉट कधीच घेतला गेला नाही, पण माझ्या डोक्यात अजून चालतो. वळणावर जरासा हलतो, एरवी फार छान आहे.

22 च्या 11 झाल्या. कागदावर ते पाच मिनिटांचं काम वाटतं. प्रत्यक्षात एका चौकटीला हात लावला, की पुढच्या चार घसरतात. मुलगी आता भिजलेली होती, म्हणजे आतल्या प्रत्येक शॉटमध्ये ती भिजलेलीच हवी. पण माणूस वाळतो. दर टेकआधी बाटलीतलं पाणी तिच्या केसांवर आणि खांद्यांवर शिंपडायला एकाला नेमलं. नायिका तिसऱ्या तासाला शिंकायला लागली आणि आम्ही सगळे तिच्या तब्येतीपेक्षा कंटिन्युइटीची, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्याशी जुळण्याची, जास्त काळजी करत होतो. खिडकीतून खुर्चीवर पडणारा उन्हाचा झोत बोर्डात होता, धुळीचे कण तरंगताहेत वगैरे. ऊन नव्हतंच. मग घरातल्या बाकी सगळ्या खिडक्या बंद केल्या आणि खुर्ची उघड्या खिडकीच्या अगदी जवळ ओढली. मळकट का असेना, उजेड तेवढाच उरला आणि त्याला वजन आलं. धूळ दाखवायला तिचं बोट टेबलावरून फिरवलं, मग खुर्चीच्या पाठीवरून. दोन्ही वेळा फ्रेममध्ये फक्त हात. मला कधीही काढता न आलेला हात.

मोह असा होतो, की यातून "ठरवू नका, जे होईल ते घ्या" असं काहीतरी काढावं. चित्रपट शिकणाऱ्या प्रत्येकाला 1975 च्या 'जॉज'मधल्या बिघडणाऱ्या यांत्रिक शार्कची गोष्ट कधीतरी ऐकवली जाते: मासा चालेना, म्हणून तो फारसा न दाखवता भीती उभी केली. गोष्ट खरी आहे. पण ती ऐकून निम्मा वर्ग तयारी न करण्याची परवानगी घेऊन घरी जातो, हेही मी पाहिलंय. मला त्यापेक्षा सत्यजित राय यांची गोष्ट जास्त छळते. 'पथेर पांचाली'ची (1955) रूढ अर्थाने पटकथा नव्हती. चित्रं आणि टिपणं होती. काशफुलांच्या रानातला प्रसंग त्यांनी एका रविवारी अर्धा घेतला, पुढच्या रविवारी परत गेले तर फुलंच नाहीत. गुरांनी खाऊन टाकलेली. त्यांनी प्रसंग बदलला नाही. पुढच्या मोसमात फुलं पुन्हा येईपर्यंत थांबले. लवचीकपणाची एवढी कौतुकं ऐकल्यावर ही गोष्ट घशात अडकते. कुठे वाकायचं आणि कुठे वर्षभर ठाण मांडायचं, हे त्यांना कसं कळलं असेल? आमच्यापुढे तो प्रश्नच नव्हता म्हणा. आमच्याकडे पुढचा मोसम नव्हता, दोन वाजेपर्यंतचं घर होतं.

दोन वाजायच्या आत आम्ही दाराखालचा शॉट मुद्दाम आणखी दोनदा घेतला, कारण पहिल्यात माझा आवाज होता. दोन्ही फुकट गेले. आता नायिकेला कॅमेरा कुठे आहे ते माहीत होतं, त्यामुळे तिची पावलं अभिनय करायला लागली. अडकलेल्या किल्लीचा अभिनय करणारी पावलं फार वाईट दिसतात. पाणीही पहिल्यासारखं थबकलं नाही, सरळ वाहून गेलं. शेवटी पहिलाच टेक ठेवला आणि आवाज सगळा नव्याने केला. एका रात्री तीन वेगवेगळी जुनी कुलुपं मायक्रोफोनसमोर धरून, पडद्यावरच्या सावल्यांच्या हालचालीबरहुकूम किल्ली खरवडत बसलो. आपसूक मिळालेल्या त्या 41 सेकंदांवर जेवढी मेहनत घेतली, तेवढी ठरवलेल्या एकाही शॉटवर घेतली नाही.

आणि मग ती आदली रात्र. फिल्मबरोबर बोर्ड जमा करायचा होता. आमची वही म्हणजे खोडाखोडीचं रणांगण: पहिल्या सात चौकटींवर फुल्या, समासात पाण्याचे डाग. 1930 च्या दशकात डिस्नेच्या स्टुडिओत स्टोरीबोर्डची पद्धत रुळली, तेव्हा ती चित्रं सुट्या कागदांवर असायची, भिंतीवरच्या फळ्यावर पिना मारून लावलेली. नको असलेलं काढायचं, दुसरं लावायचं, क्रम बदलायचा. त्यासाठीच तर तो फळा. हे मला फार नंतर कळलं. मी बोर्ड शिवलेल्या वहीत काढला होता आणि शिवलेल्या वहीतली चूक पिन काढून खाली घेता येत नाही. मी पहिली चौकट खोडली. सूर्य खोडला, "7 वाजता" खोडलं. मग 2बी पेन्सिल, एचबीपेक्षा मऊ आणि काळी, आडवी धरून काळोख भरायला घेतला. तळहाताची कड राखाडी होईपर्यंत घासला, मध्ये पट्टी पांढरी सोडली, दोन पावलं, एक बाण. बाकी सगळा बोर्ड एचबीने काढलेला होता, नीट बघणाऱ्याला फरक लगेच कळला असता. फुल्यांच्या चौकटींवर कोरे कागद चिकटवले. शेवटच्या पानाच्या पाठीवर त्या तीन ओळी होत्या, तिघांच्या तीन अक्षरांत, एकावर भिजल्या बोटाचा ठसा. वही नीटनेटकी दिसावी म्हणून ते पान मी ब्लेडने कापलं. कुठे टाकलं आठवत नाही.

गेल्या महिन्यात कपाट आवरताना वही सापडली. चिकटवलेल्या कागदांचा डिंक पिवळा पडून कोपरे उचकटलेत आणि खालच्या फुल्या डोकावताहेत. मी पहिलं पान खिडकीशी नेलं, तिरकं धरलं. खोडरबरने तिथला कागद खरखरीत झालाय आणि इतकं घासूनही काळ्या रंगाखाली पहिल्या पेन्सिलीचा दाब तसाच आहे. घराची रेघ, दार, मुलीची पाठ. कोपऱ्यात एक गोल आणि त्याच्याभोवती आखूड आखूड रेघा.

फोटो काढून मैत्रिणीला पाठवला. खाली काय लिहावं कळेना, म्हणून काहीच लिहिलं नाही. ती आता दुसरंच काहीतरी काम करते, आमचं बोलणं वाढदिवसापुरतं. रात्री उशिरा तिचं उत्तर आलं.

"सूर्य अजून दिसतोय गं."